नवती, पिलबाग, वापसी

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे दोन कामं एकदम निघतात. शेतात केळीच्या कांदेबागाच्या लागणीची धांदल, आणि माझ्या वहीत अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांची प्रतवारी. पहिल्या कामात माझा फारसा उपयोग नाही, हे घरात सर्वमान्य आहे. दुसऱ्या कामाचा कुणालाच उपयोग नाही, हे मलाही मान्य आहे. तरी एनबीएचा हंगाम सुरू व्हायच्या आत तीसही संघ आपापल्या जागी बसले पाहिजेत, त्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा, म्हणजे 2025 मध्ये, पहिला सामना नेमका पाडव्याला, आपल्या पहाटे पाचला. उटणं लावून बसायचं की आधी सामना बघायचा, यावर घरात अजून निर्णय झालेला नाही.

एक ते तीस असे सरळ क्रमांक लावणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. अकरावा संघ बाराव्यापेक्षा नेमका कशानं सरस, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याचा मला संशयच येतो. त्यापेक्षा आमच्या रावेरकडची रीत बरी. केळीचा भाव निघतो तो नवतीला वेगळा, पिलबागाला वेगळा, वापसीला वेगळा. नव्या लागणीचा माल, पिलांवर धरलेला माल, आणि व्यापाऱ्यानं बाजूला सारलेला माल. घडाघडाला कुणी नंबर देत बसत नाही. नवतीतला हा घड सरस की तो, यावर कधी वाद झालेला मी पाहिला नाही. वाद होतो तो कापणीच्या वेळी, हा घड चांगल्यात धरायचा की वापसीत ढकलायचा यावर. सगळा पैसा त्या रेघेवर असतो.

तर यंदा पहिल्या प्रतीत एकटा ओक्लाहोमा सिटी थंडर. मागच्या, म्हणजे 2024-25 च्या हंगामात 82 पैकी 68 सामने जिंकले, जूनमध्ये विजेतेपद घेतलं, आणि मुख्य खेळाडू सगळे तेच. यात डोकं चालवण्यासारखं काही नाही. तरी लिहिताना हात जरा आखडतो. 2019 पासून सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले: टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा. गतविजेत्याला वर ठेवणं हा शिष्टाचार झाला, अंदाज नव्हे.

दुसऱ्या प्रतीत डेन्व्हर, ह्यूस्टन, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क. इथं पुण्याला शिकणारा भाचा फोनवर अडला.

"मामा, ह्यूस्टन दुसऱ्यात कामून? ड्युरांट आला ना तिथं."

"ड्युरांट आला, पण बॉल पुढं आणणारा व्हॅनव्हलीट सप्टेंबरात गुडघ्याला मार लागून बसला."

"तिथला शेंगुन आणेल की!"

रात्री साडेअकरापर्यंत हेच. एनबीएच्या पूर्व गटात मात्र वादाला फार जागा नाही, तिथली प्रतवारी दुखापतींनीच करून टाकली. एकाच प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, मिलवॉकीचा लिलार्ड, बॉस्टनचा टेटम आणि इंडियानाचा हॅलिबर्टन या तिघांची टाचेवरची शीर तुटली, आणि तीन संघ माझ्या वहीत गुमान खाली उतरले.

तळाच्या प्रतीत रावेरचं गणित चालत नाही. तिथे सगळा कारभारच उलटा. जो संघ जास्त हरतो, त्याला नवा खेळाडू निवडायची आधीची संधी मिळण्याची शक्यता जास्त. हे मी एकदा आबांना समजावून सांगायला गेलो. त्यांनी आयुष्यभर केळी केली, त्यामुळे त्यांना शांतपणे ऐकवेना.

"म्हंजे वापसीचा भाव नवतीच्या वर गेला म्हन की! मंग जीव तोडून खेळतं कोन?"

प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकेतही तो पडलेला आहे. म्हणूनच 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, 14 टक्के संधी ठेवली. बाकी सोडत. मागच्या हंगामात युटा 65 सामने हरला, सगळ्यांत जास्त, आणि सोडतीत त्याच्या वाट्याला आला पाचवा क्रमांक. पहिला गेला डॅलसला, ज्याची शक्यता होती जेमतेम 1.8 टक्के. याच डॅलसनं फेब्रुवारीत आपला डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला होता. आदल्या वर्षी ज्याच्या जोरावर अंतिम फेरी गाठली, तोच. आबा म्हणाले, "ज्यानं चालता बाग इकला त्यालेच लाटरी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्या खेळाडूंतला अव्वल कूपर फ्लॅग मात्र डॅलसला मिळाला.

खरी दया यावी ती मधल्यांची. वर जायची ताकद नाही, आणि खाली पडायची तयारी नाही. शिकागो बुल्स घ्या. आमच्या लहानपणी जळगावच्या फुले मार्केटात टी-शर्टवर लाल बैलाचं तोंड असायचं. तो कुठल्या खेळाचा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल, पण जॉर्डन हे नाव पोरांना पाठ होतं. 1991 ते 1998 मध्ये सहा विजेतेपदं घेतलेला हा संघ. 2022-23 पासूनच्या तीन हंगामांत त्यानं सामने जिंकले अनुक्रमे 40, 39 आणि 39. तिन्ही वेळा प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या सामन्यांत, पोचला आणि तिन्ही वेळा मायामीकडूनच हरून घरी गेला. इतकं सातत्य आणायचं म्हटलं तरी येत नाही. लॉटरीत नाव असतं, पण लागावी इतका तो वाईट खेळत नाही. माझ्या वहीत शिकागोचं पान बदलायची वेळच येत नाही, मागच्या वर्षीचं तसंच चालतं.

इंडियानाशी मात्र मला कठोर होता येत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईत येऊन खेळून गेलेला हा संघ. मागच्या हंगामात पहिल्या 25 पैकी 15 सामने हरला आणि तिथून थेट अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. त्या सामन्यात पहिल्याच सत्रात हॅलिबर्टन कोसळला. आता तो 2025-26 चा पूर्ण हंगाम बाहेर, आणि त्याच्या सोबतचा टर्नर मिलवॉकीला गेला.

"तिसऱ्यात टाका," भाचा म्हणाला. "भावनेवर प्रतवारी होत नाही."

मी त्याला डेट्रॉइटचं उदाहरण दिलं. 2023-24 मध्ये सलग 28 सामने हरलेला संघ पुढच्याच वर्षी 44 जिंकून प्लेऑफमध्ये गेला, तेव्हा तिसरी प्रत ही काय कायमची असते का?

"मग डेट्रॉइट कुठं ठेवलं?"

"दुसऱ्या प्रतीच्या तळाशी."

"आणि इंडियाना?"

"त्याच्या खाली."

"मामा, ती तिसरीच झाली."

"रेघ मी अजून मारलेली नाही," मी म्हणालो आणि फोन ठेवला.