घटस्फोट झाला, कर्ज दोघांचेच राहिले

पुण्यातील एका बँकेच्या गृहकर्ज थकबाकी विभागात मी काम करते. घटस्फोटानंतर गृहकर्ज अडचणीत आलेली प्रकरणे आमच्याकडे नेहमी येतात. पण कर्जदार आणि सहकर्जदार, म्हणजे आता पती-पत्नी नसलेले दोघे, एकाच दुपारी माझ्या टेबलासमोर बसले, असे सहसा होत नाही. दोन हप्ते थकले होते, तिसऱ्याची तारीख जवळ आली होती आणि नव्वद दिवस उलटले की खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे वसुली अडलेले कर्ज) ठरणार होते, म्हणून मी दोघांनाही फोन करून बोलावले होते.

आधी बाई आल्या. एका खासगी शाळेत त्या शिक्षिका आहेत. दुचाकीसाठी केलेला त्यांचा कर्जअर्ज पतअहवालातील, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींतील, या थकलेल्या हप्त्यांवरून नाकारला गेला होता आणि कारण कळल्यापासून त्या फार अस्वस्थ होत्या. प्लास्टिकच्या फोल्डरमधून कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत काढून त्यांनी संमतीच्या अटींमधला एक परिच्छेद माझ्यासमोर धरला. पेन्सिलीने खूण केलेल्या त्या परिच्छेदानुसार रावेतच्या सदनिकेवर त्यांचा हक्क राहणार नव्हता आणि कर्जाचे सर्व हप्ते पतीने भरायचे होते. "मॅडम, घर मी केव्हाच सोडलं. मग हप्ता थकला की फोन मला का?"

याचे उत्तर देणे मला दर वेळी जड जाते. त्या अटी दोघांमध्ये बंधनकारक आहेत. बँक त्यात पक्षकार नव्हती. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत आणि त्यानुसार संपूर्ण कर्जाची जबाबदारी प्रत्येकावर स्वतंत्रपणेही आहे. सहकर्जदाराचे नाव वगळता येते, पण उरलेल्या एकाच्या उत्पन्नावर कर्ज पेलते अशी बँकेची खात्री झाली तरच. आणि इथे त्या एकाचे उत्पन्नच थांबले होते. हक्कसोडपत्रही नोंदवलेले नसल्याने कागदोपत्री त्या अजून सहमालक होत्या. संमतीच्या अटी लिहिण्याआधी कर्जखात्याचा उतारा मागवून बँकेशी बोलण्याची तसदी वकील का घेत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत पुढे अशा माणसांना मोजावी लागते.

थोड्या वेळाने ते गृहस्थ आले. हिंजवडीतील नोकरी गेल्यानंतर त्यांनी पीएफ काढून काही हप्ते भरले होते आणि भरलेला शेवटचा हप्ता तर क्रेडिट कार्डावर रोख उचलून भरला होता. साडेआठ टक्क्यांच्या कर्जासाठी त्याच्या कितीतरी पट महाग पैसा घेण्याची ही चूक भली माणसे घाबरून करतात. त्यांनी सहा महिन्यांची सवलत मागितली, कोविडच्या वेळी मिळाली होती तशी. २०२० मधील ती सवलत रिझर्व्ह बँकेने सर्वांसाठी खुली केली होती आणि तेव्हाही व्याज चालूच होते. आज तशी सरसकट सवलत नाही, हे मी त्यांना सांगितले.

मग कागदावर आकडे मांडले. मूळ कर्ज ४० लाखांचे, मुदत २० वर्षे, हप्ता सुमारे ३४,७००. पाच वर्षांत जवळपास २०.८ लाख भरूनही मुद्दल पावणेपाच लाखांनीच कमी झाले होते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग मोठा असतो. उरलेल्या सव्वापस्तीस लाखांची मुदत पंधराऐवजी वीस वर्षे केली, तर हप्ता सुमारे ३०,६०० वर येणार होता. नुसते व्याजच महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात जात होते. पगार असलेल्याला मुदतवाढीने श्वास घ्यायला जागा मिळते. पगारच नसेल तर तिचा उपयोग नाही.

पुढचा मार्गही मी लपवला नाही. खाते अनुत्पादक झाले की तारण मालमत्तेतून बँकेला वसुली करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस निघते, त्यानंतर बँकेला ताबा घेता येतो आणि मग विक्रीची नोटीस देऊन लिलाव होतो. लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी कर्जाची सर्व बाकी भरली तरच तारण सोडवता येते. लिलावात बहुधा बाजारभाव मिळत नाही, म्हणून घर आपणच विकावे, असे मी स्पष्ट सांगितले.

गृहस्थांना ते पटत नव्हते. नोकरी मिळेलच, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेव्हा बाई प्रथमच थेट त्यांच्याशी बोलल्या. "बुकिंगच्या वेळी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या लिलावात घालवू नकोस. विकायचं असेल तर खरेदीखतावर सही करायला मी येईन."

त्यानंतर गृहस्थांनी विक्रीच्या परवानगीचा अर्ज माझ्याच टेबलावर लिहिला. सर्वांत जुना हप्ता त्याच दिवशी भरणे गरजेचे होते. गृहस्थांच्या खात्यात वीस हजार होते. उरलेली रक्कम बाईंनी भरली. हुकूमनाम्याने त्यांच्यावर तशी कोणतीही जबाबदारी टाकलेली नव्हती. हप्ता भरल्यामुळे खात्याची नव्वद दिवसांची मर्यादा पुढे सरकली.

पुढचे काम नेहमीच्या वाटेने झाले. बँकेने थकबाकीचे पत्र दिले, सोसायटीची ना हरकत मिळाली, आणि ५२ लाखांना ठरलेल्या व्यवहारात खरेदीदाराच्या बँकेने आमचे कर्ज परस्पर फेडून मूळ कागदपत्रे घेतली. मधल्या काळातील हप्त्यांसाठी गृहस्थांच्या थोरल्या भावाने पैसे दिले होते. उरलेल्या रकमेतून त्यांनी आधी भावाचे आणि क्रेडिट कार्डाचे देणे फेडले, पाटल्यांचे पैसे बाईंना दिले आणि राहिलेल्या पैशांवर तळेगावला भाड्याने घर घेऊन कमी पगाराची नोकरी धरली. बाईंच्या पतअहवालात खाते बंद झाल्याची नोंद आली आहे. विलंबाने भरलेल्या हप्त्यांची नोंद मात्र अजून तिथेच आहे.