पाणी कमी, थेंब जास्त

क्रशर प्लांटवर तीन नंबरच्या कन्व्हेयर पट्ट्याखाली आमचा हेल्पर घोटाभर चिखलात उभा राहून फावडं मारायचा आणि त्याच्या भुवया मात्र धुळीनं पांढऱ्या झालेल्या असायच्या. एकाच माणसाच्या पायाखाली पाणी आणि डोक्यावर धूळ. ही करामत माझी. तिथली पाणी फवारणारी नोझल मीच वाढवली होती.

मी या प्लांटवर मेन्टेनन्स बघतो, मेकॅनिकलचा. गारगोटीचा दगड येतो, जॉ क्रशरमध्ये फुटतो, कोन क्रशरमध्ये बारीक होतो, चाळणीवर जातो. तीन नंबरचा पट्टा कोनखालचा माल उचलतो आणि चाळणीकडं जाणाऱ्या चार नंबरवर टाकतो. मधली उडी सव्वादोन मीटरची. असा प्लांट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, की अशा उडीच्या जागीच धूळ सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते.

तिथं आधी चार नोझल होती, पंख्यासारखा चपटा फवारा मारणारी, ३ बार दाबावर चालणारी. धुळीची तक्रार आली म्हणून मी चाराची नऊ केली. मिनिटाला साधारण ४५ लिटर पाणी. पट्ट्यावरून तासाला दीडशे टन माल जातो, म्हणजे त्यात दर तासाला २.७ टन पाणी मी मिसळत होतो. टक्क्यांत १.८. आकडा किरकोळ वाटतो, पण हे पाणी सगळ्यात जास्त पितं कोण, तर मालातली भुकटी. ओली भुकटी पट्ट्याला लेपासारखी चिकटते, स्क्रेपरच्या पात्याखालून निसटते आणि परतीच्या रोलरवर थर धरते. रोलर एका बाजूनं जाड झाला की पट्टा सरकतो, सरकला की कडेनं फ्रेमला घासतो. पुढं चाळणीची बारीक भोकं बुजली आणि प्रॉडक्शनवाले माझ्या दारात येऊन उभे राहिले.

एवढं करून धूळ होतीच. ‘थोडी कमी झालीय’ असं मी मीटिंगमध्ये सांगायचो. खोटं नव्हतं ते. डोळ्यांना दिसणारी खरंच थोडी कमी झाली होती.

आमच्याकडं एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. एका रात्रपाळीला रोलर बदलायला त्या भागातले दिवे बंद करून घेतले होते. काम आटोपलं, पट्टा सुरू झाला, दिवे अजून बंदच. मामांनी हातातली टॉर्च खांबाआड धरली, म्हणजे बल्ब झाकलेला आणि झोत तेवढा मोकळा. मी त्यांच्या मागं उभा होतो. ते म्हणाले, “साहेब, माझ्या मागनं काय दिसणार? पलीकडं जा. झोत तुमच्याकडं येऊ दे.”

पलीकडून पाहिलं आणि पोटात गोळा आला. दिवसा जिथं हवा स्वच्छ दिसायची, जिथं मी मास्क गळ्यात लटकवून बिनधास्त उभा राहायचो, तिथं तो झोत दुधासारखा भरलेला होता. लाखो कण, खाली पडायचं नाव नाही. नुसते वळसे घेत फिरत होते.

नंतर हिशेब करून बघितला. साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा सुटा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १० मायक्रॉनच्या खालचा घशाच्या पुढं जाऊ शकतो आणि ४ मायक्रॉनच्या आसपासचा व त्याहून बारीक फुप्फुसाच्या तळापर्यंत. गारगोटीचा ५ मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत सेकंदाला जेमतेम २ मिलिमीटर खाली येतो. डोक्याच्या थोडं वर, दोन मीटरवर उडाला, तर जमिनीवर टेकायला पाव तासाहून जास्त. १ मायक्रॉनचा असेल तर जवळजवळ सात तास, म्हणजे पाळी संपत येईपर्यंत. आणि चालू प्लांटमध्ये हवा स्तब्ध असते कधी? जी धूळ आम्हाला खुपत होती ती दोन मिनिटांत खाली बसणारी होती. जी बसत नव्हती तिची तक्रार कुणी केलीच नव्हती.

गारगोटी म्हणजे स्फटिकी सिलिका. सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग त्याचाच, आणि तो बरा होत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, १९९७ मध्ये श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेनं, ओशानं, २०१६ च्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा घातली ती घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम. दहा बाय दहा मीटरची, पाच मीटर उंच शेड घ्या: एवढ्या हवेत २५ मिलिग्रॅम. नखावर मावेल एवढी पूड अख्ख्या शेडला पुरते.

मग नऊ नोझलचं पाणी या कणांना का धरत नव्हतं? बस वेगानं जाताना समोर एखादं पीस तरंगत असेल तर ते काचेवर आपटत नाही. बसच्या पुढं जी हवा फाकते तिच्याबरोबर वळसा घेऊन बाजूनं निघून जातं. माझे थेंब म्हणजे बस होती आणि धूळ म्हणजे पीस. थेंब अर्धा-एक मिलिमीटरचा, कण पाच मायक्रॉनचा. थेंब खाली येतो, कण त्याला वाट देतो आणि पुन्हा आपल्या जागी. थेंब कणाच्या मापाच्या जवळपास आला तरच दोघांची गाठ पडते. एक मिलिमीटरचा एक थेंब फोडून २० मायक्रॉनचे केले तर तेवढ्याच पाण्यात १,२५,००० थेंब होतात. पाणी वाढवायचं नव्हतं, थेंबांची संख्या वाढवायची होती.

मोठे थेंब वाया जातात असं मात्र नाही. दगड फुटायच्या आधी तो ओला करायला २०० ते ५०० मायक्रॉनचा थेंबच बरा, कारण तिथं पृष्ठभाग भिजवायचा असतो. उडालेली धूळ हवेत धरायला १० ते १५० मायक्रॉन. ही दोन कामं निराळी आहेत आणि मी एकाचं हत्यार दुसऱ्यावर चालवत होतो. खाणीतल्या लोकांना पहिलं काम फार आधी कळलं होतं. १८९० च्या दशकात कोरड्या ड्रिलला अमेरिकेतले खाणकामगार ‘विधवा करणारी’ म्हणू लागले. त्यावर लेनर नावाच्या माणसानं पोकळ ड्रिलमधून पाणी थेट टोकाशी सोडलं. धूळ जिथं जन्मते तिथंच पाणी. मलाही ते कोनच्या तोंडाशी, माल उलटापालटा होतो तिथं, थोडं ठेवावं लागलं. तिथं थोडंसं पाणीही सगळ्या मालात मिसळतं.

तर मग धुकं. ७० बारचा पंप, ०.२ मिलिमीटर भोकाची बारा नोझल, प्रत्येकातून मिनिटाला ०.१ लिटर. सगळी मिळून तासाला ७२ लिटर, दीडशे टनांत ०.०५ टक्केसुद्धा नाही. एका रविवारी बसवलं. सोमवारी पट्टा सुरू केला आणि धूळ आधीपेक्षा जास्त. मामा काही बोलले नाहीत. त्यांची ती पद्धतच.

चूक साधी होती. सव्वादोन मीटर पडणारा माल आपल्याबरोबर हवा ओढून आणतो. ती हवा खाली बंद जागेत शिरते, तिथं दाब वाढतो आणि ती मिळेल त्या फटीतून धूळ घेऊन बाहेर पडते. मी नोझल लावली होती मालाच्या दिशेनं, खाली रोखून. जोराचा फवारा स्वतःही हवा ओढतो. म्हणजे मालाचा एक पंखा होताच, त्याच दिशेनं मी आणखी बारा जोडले.

मामांनी खिशातून सुताचा धागा काढला, काठीच्या टोकाला बांधला आणि च्यूटच्या, म्हणजे माल ज्यातून खाली पडतो त्या बंदिस्त मार्गाच्या, कडेनं फिरवत नेला. जिथं धागा बाहेर उडतो तिथं खडूनं फुली. डाव्या बाजूला स्कर्ट रबर (कडेची फट बुजवणारी रबराची पट्टी) आणि पट्टा यांच्यात दोन बोटं शिरतील एवढी फट. धागा तिथं आडवा, ताठ. पुढच्या तोंडाला तर झाकण नव्हतंच. पंधरा मिनिटांत अकरा फुल्या झाल्या आणि माझं रविवारचं काम सगळ्यांना वाचता येईल असं पांढऱ्या खडूनं लिहून निघालं.

नंतरचे तीन आठवडे पाण्याला हातही लावला नाही. स्कर्ट रबर बदलून पट्ट्याला जेमतेम टेकेल असं खाली घेतलं. (दाबून बसवलं तर ते पट्ट्यात चर पाडतं, हेही एकदा करून झालंय.) च्यूटच्या मध्ये एक कप्पा केला, ज्यात माल साठतो आणि वरून येणारा माल मालावरच पडतो, एका लांब उडीच्या दोन छोट्या झाल्या. पट्ट्यावरची पेटी पुढं वाढवली आणि तोंडाशी रबराचे पडदे सोडले, मध्ये एक, शेवटी एक. पेटी लांब हवी ती एवढ्यासाठी, की धूळ आणि थेंब यांना एकमेकांना भेटायला वेळ मिळावा. मग नोझल पुन्हा लावली: मालापासून दूर, छताजवळ, आडवी, पेटी धुक्यानं भरेल अशी. मालावर एकही रोखलेलं नाही.

यावेळी झोतात काळोख दिसला. थोडे कण होते, पण मधून मधून काळोख.

कौतुक संपलं दोन महिन्यांत. बारापैकी पाच नोझल बंद. पाणी जड होतं, भोकाच्या आतून पांढरा क्षार धरलेला. एका हेल्परनं सुईनं भोकं मोकळी केली आणि मला अभिमानानं दाखवली. भिंगाखाली धरलं तर गोल भोकाची कड ओरखडलेली. नोझलच्या आत पाणी गरगर फिरून बाहेर पडतं म्हणून त्याचा शंकू होतो. कड बिघडली की शंकू मोडतो आणि पिचकारी उडते. पाचही फेकून दिली. तेव्हापासून सुईला बंदी. नोझल काढायचं, सौम्य आम्लात भिजत घालायचं, दुसरं लावायचं. पाणी आधी मऊ करून, मग ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. नोझलमागं थेंब अडवणारा छोटा व्हॉल्व्ह, कारण पट्टा थांबल्यावर गळणारं पाणी खालच्या भुकटीचा दगड करतं. आणि माल पट्ट्यावर आला तरच पाणी चालू, नुसता पट्टा फिरला म्हणून नाही.

टाकीकडं लक्ष द्यावं लागतं. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याला फुप्फुसात पोचायला बारीक तुषारांसारखं वाहन नाही. धुळीपासून वाचवायला निघालो आणि न्यूमोनिया वाटला, असं नको. टाकी झाकलेली ठेवायची, ठरल्या दिवशी रिकामी करून धुवायची, पाण्यावर जंतुनाशक प्रक्रिया करायची.

हेच सगळीकडं लावा म्हणून एकजण मागं लागला होता. उघड्या साठ्यावर हे धुकं चालत नाही. वारा घेऊन जातो आणि कोरड्या हवेत १० मायक्रॉनचा थेंब सेकंदाच्या आत वाळून जातो. तिथं जाड थेंबांची तोफ किंवा आच्छादन. चुनकळीवर आणि सिमेंटवर पाणी नकोच, तिथं हवा ओढून घेणारा बॅग फिल्टर. कोळसा पाण्याला नाखूश असतो, पाण्यात पृष्ठताण कमी करणारं रसायन घालावं लागतं. एवढंच सांगून त्याला वाटेला लावला.

मास्क सुटलेला नाही, हे नव्या मुलांना दर वेळी सांगावं लागतं. टॉर्च फक्त कुठून येतंय ते दाखवते. किती आहे ते कॉलरला लावलेला सॅम्पलर पाळीभर हवा ओढून सांगतो, आणि त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी कुणाच्याही पाठीवर थाप मारत नाही. स्वतःच्याही नाही.

मामा निवृत्त झाले. जाताना टॉर्च माझ्या टेबलावर ठेवून गेले, काठी आणि धाग्यासकट. दर पंधरा दिवसांनी रात्री त्या भागातले दिवे पाच मिनिटं बंद करून घेतो आणि हेल्परला खांबाआड उभा करतो. परवा पुन्हा डावीकडं, दुसऱ्या पडद्याच्या अलीकडं, झोत दुधाळ दिसला. धागा धरला, आडवा झाला. लॉगबुकात लिहून आलो: ‘तीन नंबर, डावी बाजू, स्कर्ट रबर झिजलंय, एक बोट खाली घेणे. नोझल ठीक.’