करावे गावाच्या टीमची तीन मैदानं

नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरुळमध्ये नव्याने राहायला आलेल्यांना आमची टेनिस बॉल क्रिकेटची टीम कळते ती जानेवारीतल्या रात्रीच्या सामन्यांमुळे. फ्लडलाइट, दहाला माईक बंद होईपर्यंत चाललेली कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह, मालिकावीराला मोटारसायकल. हा थाट अलीकडचा. टीम मात्र करावे गावात रेल्वे आणि पाम बीच रोड यायच्या आधीपासूनची आहे. तिचा इतिहास मला मैदानांच्या हिशेबानेच सांगता येतो, कारण दर वेळी मैदान गेलं आणि त्याबरोबर आमचा खेळही बदलला.

पहिलं मैदान म्हणजे खाजणातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं भाताचं शेत. 1983 च्या जूनमध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक आणला आणि त्या वर्षीची कापणी उरकल्यावर बाबा आणि त्यांच्या बरोबरीच्या पोरांनी वर्गणी काढून टेनिस बॉल आणले. सीमारेषा आखायची गरजच नव्हती. बांधाला लागला की चार, बांधावरून थेट पलीकडे गेला की सहा. अडचण होती ती पीचची. पाणी उतरलं की खाजणाची माती भेगाळते, आणि भेगेत पडलेला बॉल कुठे जाईल ते बॉलरलाही सांगता येत नसे.

त्यावर तोड काढली माझ्या आजीने. मळणीसाठी खळं करायची तिला सवय होती, तिने तसंच पीच करायला लावलं. बावीस यार्डांचा पट्टा खणून ढेकळं फोडायची, पाणी मारून माती रात्रभर मुरू द्यायची, सकाळी चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाने सारवायची. भेग पडली की पुन्हा सारवण. ‘पोरांनो, चपला घालून जाव नका,’ असा तिचा दम असायचा आणि बाहेरगावची टीमसुद्धा तो ऐकायची. त्या पीचवर बॉल खाली राहायचा, म्हणून बाबांच्या पिढीतले सगळे बॅट्समन सरळ बॅटने खेळणारे. आडवी बॅट फिरवली की बोल्ड!

त्याच पहिल्या मोसमात, जानेवारी 1984 मध्ये, सामने थांबले. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली जात होती. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली स्थापन झाली तेव्हापासूनचा हा विषय. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उरण तालुक्यातल्या जासईला रस्त्यावर उतरले, 16 आणि 17 जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळाला तो या लढ्यातून. ज्या शेतात आमची टीम खेळत होती तेही संपादनातलंच. त्यामुळे आमच्याकडे क्रिकेटची गोष्ट जमिनीच्या गोष्टीपासून वेगळी काढून सांगताच येत नाही.

दुसरं मैदान भरावाचं. खाजणावर मुरूम पडला, सेक्टर आखले गेले आणि इमारत उभी राहीपर्यंत प्लॉट मोकळे राहिले. मी खेळायला शिकलो ते तिथे. मुरमावर बॉल छातीपर्यंत उडायचा, त्यामुळे आमची पिढी पुल आणि हुक हे आडव्या बॅटचे फटके मारणारी झाली. प्लॉटला कुंपण पडलं की स्टंप उचलून पुढच्या प्लॉटवर जायचं. अशाने टीम मोडायला हवी होती. ती टिकली आमच्या नानांच्या जमाखर्चाच्या वहीमुळे. वर्गणी कुणी दिली, कुणाची राहिली, बॉल किती आणले, कुणाच्या गुडघ्याच्या औषधाला किती दिले, सगळं त्यात आहे. मैदान नसलेल्या वर्षीही वर्गणी चुकली नाही. आमच्या कुठल्याही चषकापेक्षा मला त्या वहीचा अभिमान वाटतो.

आता तिसरं, सेक्टरमधलं सार्वजनिक मैदान. इथे बुकिंग करून खेळावं लागतं. पहिल्यांदा पावती फाडली तेव्हा एक म्हातारे काका म्हणाले, ‘आपले जागेन आपूनच पैसं भरून खेलाचा?’ मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या गावांच्या शेतांवर हे शहर उभं आहे, त्या प्रत्येक गावठाणाला एक मैदान कायमचं राखून मिळायला हवं.

टेनिस बॉलला कमी लेखणाऱ्यांना एवढंच सांगेन: या बॉलचं वजन साधारण 58 ग्रॅम, लेदर बॉलच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंसंच जास्त. हवेत तो लवकर मंदावतो, म्हणून बॉलरला सगळा वेग खांद्यातून काढावा लागतो आणि बॅट्समनला बॉलच्या वेगाची फारशी मदत मिळत नाही. आमच्या बॅटी मागून कोरलेल्या असतात त्या याचसाठी, हलक्या राहून जोरात फिरायला. मार्च 2024 मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा आमची पोरं नेरुळहून ठाणे लोकल पकडून बघायला गेली. दहा-दहा ओव्हरचा, आपलाच खेळ भरलेल्या स्टेडियममध्ये! परत आल्यावर सरावाला दांडी मारणारे कमी झाले. मोटारसायकलच्या बक्षिसाने हे कधीच झालं नव्हतं, आणि माझं ऐकाल तर तो पैसा चांगल्या मॅटवर घालावा.

आणि 2 नोव्हेंबर 2025. शेजारच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्याच आठवड्यात गावातल्या मुली नानांकडे आल्या. नानांनी वहीत नवीन पान काढलं आणि प्रत्येकीचं नाव वर्गणीसकट लिहून घेतलं. रविवारी सकाळी सात ते नऊ मैदान त्यांचं. मुलांनी कुरकुर केली, पण वेळ बदललेली नाही. बॉलर तिघी चांगल्या तयार होतायत, विकेटकीपर अजून मिळालेली नाही. आसपासच्या सोसायट्यांमधल्या कुणा मुलीला यायचं असेल तर तिने बिनधास्त यावं. गावचीच असली पाहिजे असा नियम आमच्या वहीत कुठेही नाही.