निळा कागद आणि पेपरातली नोटीस

इंग्लंडातल्या लेस्टर शहरात, बेलग्रेव्ह भागात आम्ही नवरा-बायकोनं छोटंसं हॉटेल काढलं. कोंबडीवडे जमवताना आला नाही एवढा घाम बिअरच्या परवान्यानं काढला.

बायकोनं परीक्षा देऊन पर्सनल लायसन्स, म्हणजे दारू विकण्याचा व्यक्तीच्या नावाचा परवाना, आधीच मिळवलं होतं. जागेच्या परवान्यासाठी सिटी कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज केला, 190 पौंड भरले. पोलीस, अग्निशमन दल वगैरेंना कौन्सिलच कळवतं, त्यामुळे तिथवर निभावलं. पुढे 2003 चा लायसन्सिंग कायदा आडवा आला. फिकट निळ्या ए-फोर कागदावर, किमान 16 पॉइंटच्या काळ्या अक्षरांत नोटीस लिहून ती 28 दिवस काचेवर लावायची. पांढरा कागद चालत नाही! शिवाय नोटीस अर्जानंतरच्या दहा कामकाजी दिवसांत स्थानिक वृत्तपत्रात एकदा तरी छापून आणायची.

इथला जुना पेपर म्हणजे 'लेस्टर मर्क्युरी', 1874 पासूनचा. जाहिरातीचा खर्च परवान्याच्या फीपेक्षा जास्त निघाला. हल्ली बातम्या सगळे मोबाइलवर बघतात; मागच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या नोटिसा वाचतंय कोण? कुरकुरत पैसे भरले. काचेवरचा कागद बायकोनं टाइप केला, पेपरचा मजकूर मी पाठवला.

छापून आली त्याच दुपारी मागच्या गल्लीतले एक गुजराती काका पेपर काखेत मारून हजर. निळ्या कागदासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही मजकूर ओळीनं ताडून पाहिले आणि मला बाहेर बोलावलं. हरकत घ्यायची शेवटची तारीख दोन्हीकडे वेगळी! 28 दिवस अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचे. मी अर्जाचा दिवसही धरला होता. चूक माझीच. दहातले तीन दिवस उरले होते. फोनाफोनी करून दुरुस्त नोटीस कशीबशी बसवली, पैसे पुन्हा मोजले. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हरकत एकही आली नाही, त्यामुळे सुनावणीही झाली नाही. परवाना भिंतीवर लागला त्या संध्याकाळी काकांना बोलावलं. ते पीत नाहीत, ताक घेतलं. नोटिसा एवढ्या बारकाईनं का वाचता, म्हणून विचारलं.

काका युगांडातल्या कंपालाचे. 1972 मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा याच सिटी कौन्सिलनं 'युगांडा आर्गस' या तिथल्या पेपरात जाहिरात दिली होती: लेस्टरला येऊ नका, घरं नाहीत, शाळांत जागा नाही. चार वर्षांनी इथल्याच बीबीसी रेडिओ लेस्टरवर आशियाई श्रोत्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला, तोही ते पहिल्यापासून ऐकत आले.

"येऊ नका म्हणाले, तरी आलात?" मी विचारलं.

"अरे बेटा, लेस्टर नावाचं गाव आहे हेच आम्हाला त्या जाहिरातीतून कळलं."