फरशीवरच्या उन्हाच्या खुणा

14 ऑक्टोबर, पुणे

रबर प्लांटची चार पाने आज सकाळी कात्रीने कापून टाकली. नऊ दिवसांपूर्वी पाऊस उघडून आभाळ स्वच्छ झाले, तेव्हा चार महिने बिचारीने अंधारात काढले आहेत, आता तिला पोटभर ऊन मिळू दे, म्हणून मी ती कुंडी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून उचलून दक्षिणेकडच्या गॅलरीत नेऊन ठेवली होती. तिसऱ्या दिवशी वरच्या पानांवर फिकट पिवळसर डाग उमटले, मग ते पांढुरके झाले आणि काल हात लावला तर त्या जागी पान जुन्या वर्तमानपत्रासारखे कुरकुरीत लागले. आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "अगं, ते काय पापड आहेत, आणले आणि उन्हात टाकले?"

मंद प्रकाशात वाढलेले पान पातळ असते आणि मिळेल तो थोडा उजेडही वाया जाऊ नये, अशीच त्याची घडण झालेली असते. त्याच्यावर एकाएकी ऑक्टोबरचे ऊन पडले की एवढा प्रकाश वापरण्याची त्याची ऐपत नसते आणि उरलेला प्रकाश त्याच्यातल्या हरितद्रव्याचाच नाश करू लागतो. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. खरे तर पाने कापण्याची गरज नव्हती, कारण अर्धे हिरवे पानही झाडाच्या कामाचे असते. पण मला ते रोज समोर बघवेना.

या घरात राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मी परदेशी पुस्तकांतला सल्ला इमानेइतबारे पाळत होते. हिवाळ्यात उजेड कमी होतो, तेव्हा झाडे खिडकीजवळ आणावीत आणि उन्हाळ्यात मागे सरकवावीत, असे त्यात असते. लंडनला ते लागू पडते, कारण तिथे डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमधला सोळा तासांहून मोठा असतो. पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. एवढ्या फरकाने घरातल्या झाडाचे फारसे अडत नाही. आमचा अंधाराचा ऋतू आषाढ-श्रावणात येतो, म्हणजे पंचांगाप्रमाणे दिवस मोठा असतो नेमका तेव्हाच.

हे पटायला मला फरशीवरच्या खुणांचा उपयोग झाला. गॅलरीच्या दारातून साडेबाराच्या सुमारास ऊन आत कुठवर येते, तिथे मी खडूने रेघ मारून शेजारी तारीख लिहीत गेले. डिसेंबरच्या अखेरीस ऊन दोन फुटी फरशांपैकी दुसरी ओलांडून जात होते, फेब्रुवारी संपताना ते पाऊण फरशीवर आले, मार्चच्या 21 तारखेला उंबरठ्याशीच घुटमळले आणि एप्रिलमध्ये घरात आलेच नाही. डिसेंबरात इथे भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर असतो, त्यामुळे दीड फुटाचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. उन्हाळ्यात मात्र तो थेट डोक्यावर येतो आणि छज्जाच पुरतो. दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण संक्रांतीला म्हणतो, पण माझ्या फरशीवरचे ऊन त्याच दिवसांत तिळातिळाने मागे हटत असते. (यंदा घटस्थापनेच्या आधीच्या साफसफाईत कामवाल्या मावशींनी सगळ्या रेघा घासून पुसल्या. तारखा वहीत होत्या म्हणून बरे, आता त्या जागी चिकटपट्टी लावली आहे.)

उत्तरेची खिडकी नेहमी सावलीची, हाही समज याच खुणांनी मोडला. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूला असतो. स्वयंपाकघराच्या उत्तर खिडकीत ठेवलेल्या पीस लिलीवर मे महिन्यात सकाळी तिरपे ऊन येऊ लागले आणि पाने करपली, तेव्हा मी आधी खताला दोष दिला होता.

पावसाळ्यातला अंधार डोळ्यांना कळत नाही, कारण बाहुली मोठी होऊन डोळा स्वतःला सावरून घेतो. फोनवर प्रकाश मोजायचे अ‍ॅप असते. ते फार काटेकोर नसले तरी दोन जागांची तुलना करायला पुरते. स्वच्छ दुपारी गॅलरीतल्या उन्हात त्यात लाखाच्या आसपास लक्स दिसतात, तर यंदा जुलैमधल्या एका झडीच्या दिवशी त्याच गॅलरीत सहा हजार होते आणि रबर प्लांटच्या कोपऱ्यात नव्वद. झाडे ते आपापल्या परीने सांगत होतीच: तुळशीच्या पेरांमधले अंतर वाढून ती जाळीकडे झुकली होती, क्रोटनची नवी पाने लाल-पिवळी येण्याऐवजी साधी हिरवी आली आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मनीप्लांटने आपले पट्टे आवरते घेतले. त्यात मी सवयीने एक दिवसाआड पाणी घालत राहिले. उजेड कमी म्हणजे पाण्याचा खपही कमी, ही गोष्ट मातीतून चिलटे उडू लागल्यावर ध्यानात आली आणि तोवर एका जेडची मुळे कुजली होती.

त्यावर उपाय म्हणून ऑगस्टमध्ये 15 वॅटचा साधा पांढरा एलईडी दिवा मनीप्लांटच्या वर फूटभर अंतरावर टांगला. रोज बारा तास जळून महिन्याला साडेपाच युनिटसुद्धा होत नाहीत. जांभळे दिवेही मिळतात, पण त्यांनी दिवाणखान्याला लग्नाच्या हॉलची कळा येते.

आता रबर प्लांटला पूर्व खिडकीच्या पडद्यामागे हलवले आहे. दर तीन दिवसांनी पडदा थोडा अधिक उघडायचा आणि निदान दोन आठवड्यांनी, हिरव्या जाळीच्या सावलीत का होईना, गॅलरीत न्यायचे, असे ठरवले आहे. आज ऊन पाऊण फरशीपर्यंत आले होते, म्हणजे बरोबर फेब्रुवारीच्या शेवटच्या खुणेवर. शेंड्याला एक लालसर कोंब गुंडाळलेला दिसतो आहे. तो उलगडेपर्यंत कुंडी त्या खिडकीतून हलवणार नाही.