जाड बाजू मागं

टोचन लागलं नव्हतं, जीप चालवतच आणली होती. पण उतरल्यावर पोरगा दोन्ही पंजे झाडत उभा राहिला. पंचगंगेच्या पुलावर दोन स्लॅबमधल्या जोडावरून पुढची चाकं गेली आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडं असं हाणायला लागलं की त्याला धरवेना. गाडी अगदी विसावर आणली तेव्हा कुठं थांबलं. "दादा, बायको आता बसत न्हाई यात," एवढंच म्हणाला.

गाडी सीजे-३बी, त्याच्या आजोबांची. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ बनलं, आपल्याकडे महिंद्रानं त्यानंतरही बरीच वर्षं बनवलं. लांबूनच बॉनेट उंच दिसतं, कारण आतल्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह डोक्यात गेले, इंजिन उंच झालं आणि कंपनीनं सरळ बॉनेटच वर घेतलं. नातवाला हीही उंची पुरली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानं गाडी उचलून, म्हणजे आणखी उंच करून घेतली, ६.०० ऐवजी ७.०० चे टायर टाकले. असल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक मान हलवतं आणि मोबाइलवर दुसऱ्या कुणाच्या तरी त्याहून उंच जीपचा फोटो दाखवतं.

माझ्याकडं येण्याआधी या गाडीवर बरंच झालं होतं. टायरवाल्यानं तीनदा बॅलन्सिंग केलं होतं. फोर-बाय-फोरचं सामान विकणाऱ्या एकानं स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा, बसवून दिला होता. डॅम्पर वाईट नाही, पण थरथर कुठून येते हे न बघता तो लावणं म्हणजे रडणाऱ्या पोराचं तोंड दाबणं. आणि डॅशबोर्डच्या खणात कॉम्प्युटर अलाइनमेंटचा रंगीत कागद होता. टो-इनचे, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलीत त्याचे, आकडे हिरवे, झकास. कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या मागच्या कलाचा, रकाना कोरा. तो मोजायला चाकं दोन्हीकडं वळवून वाचन घ्यावं लागतं, दहा मिनिटं जातात, आणि एवढं करून जुन्या सॉलिड एक्सलवर फिरवायला नट नसतो. म्हणून कुणी मोजतच नाही. कागदाचे पैसे मात्र पूर्ण.

पहिले दोन दिवस मी किंगपिनवर, म्हणजे चाक वळतं त्या खिळीवर घालवले. ते काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. या एक्सलचा नकल, चाक वळवणारा सांधा, बंद गोळ्याचा असतो. वर-खाली दोन टेपर बेअरिंगं, त्यांच्या कॅपखाली कागदासारख्या पातळ शिमा, पत्र्याच्या चकत्या. शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. फेल्टचं सील बाजूला करायचं, नाहीतर त्याचंच घर्षण मोजलं जातं. दोन चाकांना जोडणारा टाय रॉड सोडायचा, आर्मला ताणकाटा अडकवायचा आणि हळू, एका लयीत ओढायचं. झटका दिला की आकडा खोटा. माझ्याकडच्या पोरांना हे जमत नाही, त्यांना आवळायचं म्हटलं की पान्यावर उभंच राहायचं असतं. डावीकडचं बेअरिंग खरंच सैल निघालं. वरून एक, खालून एक अशा दोन शिमा काढल्या. स्टिअरिंगची ओढ चाकांकडं वळवणाऱ्या बेल क्रँकची बुशही गेली होती, ती उद्यमनगरात टर्नरकडून करून आणली.

ट्रायल घेतली. पन्नासला होणारी थरथर आता साठला सुरू झाली.

इथं मी फसलो. थरथर पुढं सरकली म्हणजे वाट बरोबर आहे असं वाटलं. खरं म्हणजे आवळलेल्या बेअरिंगांनी रोग नुसता दाबून धरला होता. ज्या डॅम्परवाल्याला मी नावं ठेवत होतो, त्याचंच काम मी जास्त मेहनतीनं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी गाडीखाली आडवा पडून नुसतं बघत बसलो. जीपच्या पुढच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, शॅकल (पाटा चासीला टांगणाऱ्या झुलत्या पट्ट्या) पुढच्या टोकाला असतात, मागचं टोक चासीला पक्कं. ज्यानं गाडी उचलली त्यानं दोन इंच लांब शॅकल घातले होते. पाट्याचं एक टोक दोन इंच खाली गेलं की मधोमध बसलेल्या एक्सलपाशी उंची मिळते एकच इंच, पण छत्तीस इंचांचा अख्खा पाटा पुढं झुकतो, सव्वातीन अंश. पाट्याबरोबर एक्सल झुकतो आणि एक्सलबरोबर किंगपिन. कंपनीनं किंगपिनचं वरचं टोक मागं कलतं ठेवलेलं असतं, तीन अंश. तो कॅस्टर. म्हणजे एका इंचाच्या उंचीपायी कॅस्टर सगळा संपला.

कॅस्टर काय करतो ते सायकलवर कळतं. पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडून सायकल चालवता येते, चाक आपणहून सरळ होतं. तीच सायकल मागं ढकलत न्या, हँडल गर्रकन फिरतं.

हे गणित मला तिसऱ्या दिवशी नव्यानं सुचलं असं नाही. पहिल्याच दिवशी मी खाली वाकून बघितलं होतं, पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर दिसली होती. तीन अंशांची, नीट भोक पाडून, सेंटर बोल्टही लांबीचा घातलेला. कुणीतरी कळता माणूस आहे म्हटलं, कॅस्टर भरून काढलाय. आणि पुढं गेलो.

आता मोजलं. गवंड्याकडची पाण्याची नळी आणून आधी फरशी तपासली, मग खालच्या किंगपिन कॅपच्या सपाट तोंडावर डिजिटल लेव्हल धरली. डावीकडं उणे सव्वातीन, उजवीकडं उणे तीन. दोनदा पुसून परत धरली.

पाचर उलटी होती. जाड बाजू मागं.

जीपमध्ये एक्सल पाट्याच्या वर बसतो. तिथं मागं जाड बाजू दिली की एक्सलची मागची कड वर उचलली जाते आणि किंगपिन आणखी पुढं झोपतो. जिथं तीन अंश मिळवायचे तिथं तीन अंश गेले होते. ही जीप दोन वर्षं मागं ढकललेल्या सायकलसारखी चालत होती.

यू-बोल्ट सोडले, त्याच पाचरी फिरवल्या, जाड बाजू पुढं. पावणेतीन अंश आले. टो-इन दोन मिलिमीटरवर परत बांधला, डॅम्पर काढून हातात दिला. शिरोलीपर्यंत सत्तरनं नेली, येताना मुद्दाम पुलाच्या त्याच जोडावरून घेतली. काही नाही. वळणावरून बाहेर पडताना स्टिअरिंग बोटांमधून सरकत आपणहून सरळ झालं. पोरगा म्हणाला, "दादा, जरा जड लागतंय का?" लागणारच. आधी हलकं होतं कारण चाकांना सरळ राहायचंच नव्हतं.

बिल लिहिताना त्याला विचारलं, उचलून कुणी दिली? त्यानं नाव सांगितलं आणि माझं पेन थांबलं. माझे वस्ताद. पान्याचे आकडे ओळखायला मी त्यांच्याकडं शिकलो, तेव्हा आमच्याकडं सगळे ट्रक यायचे. ट्रकमध्ये पाटा एक्सलच्या वर असतो आणि तिथं जाड बाजू मागंच लागते. "पाचर कुठलीबी असू दे, जाड बाजू मागं" हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी स्वतः ही पाचर बसवली असती तर हातानं तशीच बसवली असती. कदाचित म्हणूनच पहिल्या दिवशी ती मला खुपली नाही.

त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. उलट्या पाचरीनं पुढच्या डिफरन्शियलचं नाक वर होतं, त्याला फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट सरळ येतो. आता फोर-व्हीलमध्ये टाकली की चाळिसाला बारीक घूं ऐकू येते, तेव्हा येत नसणार. मागच्या एक्सलला आम्ही याच कारणासाठी पाचर देतो. तोच विचार त्यांनी पुढं केला असेल का? का नुसती सवय? आठवडा झाला, मला ठरवता येत नाही.

फोन केला. गाडी कुणाची ते सांगितलं नाही.

"वस्ताद, पाचरीची जाड बाजू कुठं?"

"मागं. इसरलास व्हय?"

"आणि एक्सल पाट्याच्या वर असला तर?"

पलीकडं टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "जेवायला बसलोय, ठेवतो."

तासाभरानं त्यांचाच फोन. "त्या जीपच्या टायमाला अजून दोन केल्या हुत्या. एक निपाणीत हाय, मालकाचा नंबर लिहून घे. दुसऱ्याचा वहीत गावंना."