खरी माती असताना ती रंगवायची कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घरी येऊन कपाटातले मावळ्यांचे छोटे पुतळे आणि त्यांच्या पायाखालची जमीन पाहणारे बहुतेक जण हेच विचारतात: "साताऱ्यात राहता, अजिंक्यताऱ्याची माती दाराशी आहे. तीच पसरायची की! पुट्टी, रंग हे सगळं कशाला?"

मीही सुरुवात तशीच केली होती. लहानपणी दिवाळीचा किल्ला आम्ही अंगणातल्या मातीचाच करायचो, वर हळीव पेरायचो, आणि तो सुरेख दिसायचा. म्हणून ५४ मिलिमीटरच्या पहिल्या मावळ्यासाठी लाकडी ठोकळ्यावर फेविकॉल लावलं, तीच माती पसरली आणि त्याला उभं केलं. तो नांगरटीच्या ढेकळांत अडकल्यासारखा दिसायला लागला.

५४ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या उंचीचा साधारण ३२वा भाग. या हिशेबानं वाळूचा एक मिलिमीटरचा कण त्याच्या पायाशी सव्वा इंचाचा दगड होतो. पायवाटेची धूळ दाखवायची तर माती वस्त्रगाळच हवी. मी ती आधी तव्यावर भाजतो, खलात कुटतो आणि जुन्या धोतराच्या कापडातून गाळतो. भाजायचा कंटाळा करू नका. एका पावसाळ्यात मी गडग्यावरचं शेवाळ ओलंच उचलून लावलं आणि वर काच बसवली. पंधरा दिवसांत मावळ्याच्या पोटऱ्यांपर्यंत पांढरी बुरशी चढली. महिन्याभराचं काम होतं ते.

बरं, गाळलेली मातीसुद्धा फेविकॉल प्यायली की काळवंडते. कणांमधली हवेची जागा फेविकॉल घेतं, आणि सुकल्यावरही ती पावसात भिजल्यासारखीच दिसत राहते. म्हणून रंग लागतो. शिवाय खोलीतल्या पसरट उजेडात एवढ्याशा खाचेत सावली नीट पडत नाही. ती खाचेत पातळ गडद रंग वाहू देऊन दाखवावी लागते, आणि उंचवट्यांवरून फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा लागतो. फेविकॉल पाण्यात पातळ करून सोडताना त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. नाहीतर फेविकॉलचा थेंब धुळीवर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही.

दगड मात्र मी खरेच वापरतो. खडक लहान असो की मोठा, त्याची तुटण्याची ढब सारखीच दिसते. भूगर्भशास्त्राचे लोक फोटो काढताना खडकाशेजारी हातोडी किंवा नाणं ठेवतात ते त्यासाठीच, एरवी आकार कळतच नाही. काळ्या पाषाणाची बोटभर कपची मावळ्याशेजारी कातळ होऊन उभी राहते. फक्त प्रसंग कुठला ते आधी ठरवा. घाटातला काळा बेसाल्ट आणि कासच्या पठारावरचा तांबूस जांभा यांची सरमिसळ झाली, तर इथला माणूस लगेच ओळखतो.

पावसाळा सरता सरता मी यवतेश्वरच्या घाटात बसून नुसतं बघत असतो. पाणी वाहून गेलेल्या ओघळीत खडे उघडे पडतात, बारीक माती खाली जाऊन साठते. गवत सगळीकडे सारखं उगवत नाही, दगडाच्या आडोशाला दाट होतं. दिवाळीच्या सुमारास त्याचे शेंडे पिवळे झालेले असतात आणि बुडखा अजून हिरवा असतो. मी ते काथ्याच्या धाग्यांचं करतो. गुडघाभर गवत म्हणजे जेमतेम १५ मिलिमीटर, त्याहून लांब धागा निर्दयपणे कापतो.

पण माझा जीव खरा अडकतो तो पावलांत. दुकानातून आणलेले कितीतरी मावळे जमिनीवर नुसते ठेवलेले दिसतात, त्यांचं वजन जमिनीला कळलेलंच नसतं. मी दोन भागांची, एकत्र मळली की काही वेळानं कडक होणारी पुट्टी मळून थापतो, पावलांना व्हॅसलिन लावतो आणि पुट्टी मऊ असतानाच मावळा दाबून उचलून घेतो. चढ चढणारा असेल तर पुढच्या पावलाचा चवडा खोल जातो, मागची टाच उचललेली राहते. तिथली थोडी माती मागे सरकलेली दाखवतो. सगळं रंगवून झाल्यावर मावळा त्याच खळग्यात चिकटवतो.

शेवटी जमिनीचाच रंग अगदी पातळ करून त्याच्या पोटऱ्यांवर आणि शेल्याच्या लोंबत्या टोकाला लावतो. तेवढ्यानं तो त्या वाटेनं चालत आलेला वाटायला लागतो.